शेवटच्या बाकावरील सहकारी

विद्यापीठातील प्राध्यापकाच्या हातून दोन प्रकारचे कार्य होत असते. तो संशोधन करतो आणि तो शिकवितो. ह्यांपैकी संशोधनाची रीत अशी की, लिहिलेला निबंध नियतकालिकात छापला जाण्यापूर्वी त्याच विषयातील दोनतीन जाणकारांकडे पाठविला जातो. ते त्यातील मापने पडताळून पाहतात, अनुमानातील कच्चे दुवे दाखवितात, आणि पुष्कळदा निबंध दुरुस्तीसाठी परत येतो. ह्यात कोणाला अपमान वाटत नाही. निदान वाटला तरी कोणी तो बोलून दाखवीत नाही. परंतु हाच प्राध्यापक हजेरीपट आणि खडू घेऊन वर्गात शिरला व दार लोटले गेले की, पुढील पन्नास मिनिटांत तेथे काय घडते हे त्याच्या शेजारच्या खोलीत शिकविणाऱ्या सहकाऱ्यालाही ठाऊक नसते. वीसवीस वर्षे एकाच विभागात काढलेल्या दोन प्राध्यापकांनी परस्परांचा एकही तास ऐकलेला नसावा, ही मुळीच दुर्मिळ गोष्ट नव्हे. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९९३ साली ह्या स्थितीचे वर्णन अध्यापकाचा एकांतवास अशा अर्थाच्या शब्दांत केले.

माध्यमिक शाळेतील शिक्षकाची गोष्ट निराळी आहे. बी. एड्. होताना त्याला सराव पाठ द्यावे लागतात. तो पाठाचे टाचण काढतो, तक्ते घेऊन वर्गात जातो, आणि मागील बाकांवर त्याचे अध्यापक व सहाध्यायी वह्या उघडून बसलेले असतात. महाविद्यालयात शिकविण्यास मात्र पदव्युत्तर पदवी आणि त्यावर राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा पीएच. डी. एवढे पुरते. आपल्या देशात ही उणीव जाणवली नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. तीच २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथे व्याख्याने होतात, चर्चा होतात. पण प्राध्यापक परत आपल्या गावी, आपल्या वर्गात, आपल्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्याबरोबर सहसा कोणी येत नाही.

अशा वेळी एखाद्या सहकाऱ्याने शेवटच्या बाकावर येऊन बसावे, पाहावे, टिपून घ्यावे आणि नंतर दोघांनी मिळून त्यावर विचार करावा, ह्या रीतीची माहिती प्रस्तुत पुस्तिकेत दिली आहे.

प्रत्याभरण

प्रथम एका शब्दाविषयी. इंग्रजी ‘फीडबॅक’ला शिक्षणशास्त्राच्या मराठी ग्रंथांत ‘प्रत्याभरण’ हा प्रतिशब्द रूढ आहे. ‘अभिप्राय’ हा सोपा शब्द हाताशी असताना हे अवजड नाव कशाला, असे कोणालाही वाटेल. भाषांतर करताना मलाही वाटले. परंतु दोहोंत भेद आहे. मूळ कल्पना यंत्रशास्त्रातील आहे. घरातील विजेची इस्त्री पाहा. तिच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. इस्त्री ठराविक मर्यादेपलीकडे तापली की, ती पट्टी वाकते व वीजप्रवाह तोडते. इस्त्री निवली की, पट्टी सरळ होते व प्रवाह पुन्हा सुरू होतो. म्हणजे क्रियेचा जो परिणाम झाला त्याचीच वार्ता क्रियेच्या मुळाशी परत येते आणि पुढील क्रियेला वळण देते. पट्टी इस्त्रीची स्तुती करीत नाही, निंदाही करीत नाही. ही परत येणारी वार्ता वेळेवर यावी आणि ती खरी असावी, एवढ्या दोनच अटी. दहा मिनिटे उशिरा वाकणारी पट्टी कपडा जाळून मोकळी होईल.

आता प्राध्यापकाकडे पाहू. त्याच्या क्रियेचा परिणाम म्हणजे विद्यार्थ्यांचे समजणे. त्याची वार्ता त्याला कधी मिळते? वर्षाच्या अगर सत्राच्या शेवटी, परीक्षेत. तोपर्यंत तो वर्ग पांगलेला असतो. शिवाय आपल्याकडील संलग्न महाविद्यालयांत विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका बहुधा भलतेच कोणी तपासतो. आपण शिकविलेला मुद्दा आपल्याच विद्यार्थ्याने कसा लिहिला, हे शिकविणाऱ्याच्या दृष्टीस पडतच नाही. म्हणजे जोडपट्टी आहे, पण ती दुसऱ्याच इस्त्रीत बसविलेली!

स्वतःचे अध्यापन स्वतःस कळते काय?

ह्यावर कोणी म्हणेल की, अनुभवी शिक्षकाला आपण कसे शिकवितो हे कळत नाही काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मोजून काढण्याचा एक प्रयत्न २०११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ डायन एबर्ट-मे व त्यांचे सहकारी यांनी अध्यापनसुधारणेच्या शिबिरांतून गेलेल्या प्राध्यापकांची पाहणी केली. आपण आपल्या अध्यापनात विद्यार्थ्यांना अधिक सक्रिय भाग देऊ लागलो आहो, असे त्यांच्यापैकी ८९ टक्के लोकांनी सांगितले. नंतर त्यांच्या तासांच्या चित्रफिती त्रयस्थांनी पाहिल्या, तेव्हा ७५ टक्क्यांचे तास पूर्वीच्याच धर्तीचे, शिक्षकाने बोलावे व विद्यार्थ्यांनी ऐकावे असे, आढळले. ही माणसे खोटे बोलत होती असे समजण्याचे कारण नाही. बोलताना स्वतःचा आवाज आपणांस जसा ऐकू येतो तसा तो इतरांस येत नाही. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर आपण दचकतो. तसेच हे आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर १९८४ पासून तेथे भौतिकी शिकवीत होते. विद्यार्थी त्यांच्यावर खूष होते आणि परीक्षांतील अवघड गणितेही सोडवीत होते. १९९० च्या सुमारास ॲरिझोनातील हलून व हेस्टेनिस यांचे निबंध त्यांच्या वाचनात आले. गतीविषयीच्या अगदी साध्या कल्पना विद्यार्थ्यांना कळत नाहीत, असे त्यांत दाखविले होते. आपल्या विद्यार्थ्यांचे तसे नसणार, ह्या विश्वासाने माझूर यांनी तीच चाचणी त्यांना दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, उत्तरे आपण शिकविले त्याप्रमाणे द्यावयाची की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे? शिकविलेले एकीकडे आणि मनात असलेले दुसरीकडे अशी दोन खाती त्या मुलीने सहा-सात वर्षे अनुभवी असलेल्या अध्यापकाच्या वर्गात बसून बिनबोभाट ठेवली होती. चाचणीचा निकाल माझूर यांच्या अपेक्षेप्रमाणे लागला नाही, हे सांगावयास नकोच.

मग विद्यार्थ्यांनाच विचारावे, असा दुसरा मार्ग सुचतो, आणि आज सर्वत्र त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. त्या निरुपयोगी आहेत असे नव्हे. आवाज मागेपर्यंत पोचतो की नाही, प्राध्यापक वेळेवर येतात की नाही, हे विद्यार्थ्यांइतके कोण सांगणार? परंतु आपण किती शिकलो हे शिकणाऱ्यास त्याच क्षणी कळतेच असे नाही. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील काही संशोधकांनी एका व्यावसायिक नटाला ‘डॉक्टर मायरन फॉक्स’ हे नाव देऊन, गणिती क्रीडासिद्धांताचा वैद्यकीय शिक्षणाशी संबंध ह्या विषयावर व्याख्यान देण्यास उभे केले. समोर मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्याचे शिक्षक अशी विद्वान मंडळी होती. व्याख्यानात परस्परविरोधी विधाने, नवनिर्मित शब्द आणि असंबद्ध विनोद यांखेरीज काहीही नव्हते. श्रोत्यांनी ते उत्तम ठरविले. तीच चित्रफीत पुढे ज्यांना दाखविली त्यांच्यापैकी एकाने तर ह्या डॉक्टरांचे लेखन आपण पूर्वी वाचल्याचे लिहून दिले! उलट दिशेचा पुरावा २०१९ साली हार्वर्डमधूनच आला. भौतिकीच्या ज्या तासांत विद्यार्थ्यांना स्वतः झगडावे लागले त्यांत ते चाचणीवरून अधिक शिकल्याचे दिसले, पण त्यांना स्वतःला मात्र सुरळीत व्याख्यानातच आपण अधिक शिकलो असे वाटले.

शिक्षकाची नजर आतून पाहते, विद्यार्थ्याची समोरून. विषय ज्याला परका नाही आणि तरीही ज्याला त्या तासाची परीक्षा द्यावयाची नाही, अशा तिसऱ्या नजरेला जागा उरते ती येथे.

तीन भेटी

ही रीत निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी चालते, पण तिचा सांगाडा बहुधा एकच असतो: तासाच्या आधी एक भेट, प्रत्यक्ष तास, आणि तासानंतर एक भेट. एका कल्पित तासाचे उदाहरण घेतले म्हणजे ती स्पष्ट होईल.

समजा, पदवीच्या पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्राचा तास आहे. विषय रासायनिक साम्यावस्था. शिकविणारे गृहस्थ अनुभवी आहेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या एक बाई त्यांच्या तासाला येऊन बसणार आहेत. आदल्या दिवशी दोघे चहाला भेटतात. बाई विचारतात, “सर, मी नेमके कशाकडे पाहू?” हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण पन्नास मिनिटांत दिसणाऱ्या सर्व गोष्टी टिपू पाहणारा काहीच टिपत नाही. गृहस्थ थोडा विचार करून म्हणतात, “मुले प्रश्न विचारीत नाहीत. का विचारीत नाहीत ते पाहा.” ठरले.

दुसऱ्या दिवशी बाई मागील बाकावर, भिंतीच्या कडेला बसतात. पहिली पाच मिनिटे विद्यार्थी मागे वळून पाहतात, मग विसरतात. बाईंच्या वहीत डाव्या बाजूस घड्याळाची वेळ आहे आणि उजव्या बाजूस जे दिसले व ऐकू आले ते. ‘मुले कंटाळली’ असे त्या लिहीत नाहीत. ते अनुमान झाले. ‘११-२० ते ११-३४ : एकही विद्यार्थी बोलला नाही, माझ्या पुढील बारा जणांपैकी आठ जण फळ्यावरचे उतरवून घेत आहेत’ असे लिहितात. सर पाच-सहा वाक्यांनंतर “कळले ना?” असे विचारतात, बाई दर वेळी एक रेघ ओढतात. अकरा रेघा होतात. प्रत्येक वेळी प्रश्नानंतर सुमारे एक सेकंद जातो आणि सर पुढे बोलू लागतात.

ह्या एका सेकंदाला इतिहास आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रिते ऐकून १९७० च्या दशकात दाखविले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबण्याचा सराव त्यांना करविला तेव्हा विद्यार्थ्यांची उत्तरे लांबली, उत्तर न देणे कमी झाले, आणि विद्यार्थी आपणहून अधिक प्रश्न विचारू लागले. तीन सेकंद हा काळ लिहिताना क्षुल्लक वाटतो. फळ्याजवळ उभे राहून तो मूकपणे घालवून पाहावा!

तासानंतरची भेट त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी, आणि तीत शिकविणाऱ्याने आधी बोलावे, असा संकेत आहे. आमचे गृहस्थ म्हणतात की, उदाहरणे बरी झाली, पण वेळ पुरला नाही, आणि मुले नेहमीप्रमाणे गप्प होती. बाई वही उघडतात आणि अकरा रेघा दाखवितात. गृहस्थ हसतात. मग बाई म्हणतात, “सर, आणखी एक. माझ्या पुढच्या दोघांनी वहीत लिहिले आहे, ‘साम्यावस्था आली की अभिक्रिया थांबते.’ तुम्ही तसे म्हणालात का?”

गृहस्थ गप्प होतात. त्यांनी तसे म्हटले नव्हते. ‘आता बदल थांबतो’ असे ते म्हणाले होते. साम्यावस्थेत पुढे जाणारी व मागे येणारी अशा दोन्ही अभिक्रिया चालूच असतात. त्यांचा वेग समान झाल्यामुळे पदार्थांचे प्रमाण तेवढे बदलत नाही. बाहेरून दिसणारा बदल थांबतो, क्रिया थांबत नाही. त्यांच्या मनातील ‘बदल’ हा शब्द प्रमाणाविषयी होता, विद्यार्थ्यांनी तो क्रियेविषयी घेतला. ही चूक फळ्याजवळून दिसणे अशक्य होते. ती दिसण्यास कोणाच्या तरी वहीत मागून डोकवावे लागले. आणि ‘कळले ना?’ ह्या प्रश्नाने ती कधीच बाहेर आली नसती, कारण त्या दोघांना खरोखरच कळल्यासारखे वाटत होते.

पुढील तासासाठी काय करावे हे बाई सांगत नाहीत. गृहस्थच ठरवितात की, ‘कळले ना?’ ऐवजी ‘ह्या क्षणी भांड्यात अमोनिया तयार होत आहे की नाही?’ असे विचारावयाचे, हात वर करवून मते मोजावयाची, शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू द्यावयाचा, आणि मग पुन्हा मोजावयाची. अमेरिकेतील डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात चिंतनशील व्यावसायिकाची जी कल्पना मांडली तिचा गाभा हाच आहे: आपण केलेल्या कृतीकडे, आणि कृती चालू असतानाही तिच्याकडे, थोडे दूर उभे राहून पाहणे. प्रत्याभरण बाहेरून येते. चिंतन ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

दोन दोन मिनिटांचे टिपण

वैयक्तिक टिपणात एक अडचण आहे. दोन निरीक्षकांनी एकच तास पाहिला तर ते एकच गोष्ट लिहितील, अशी खात्री नसते. ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नांत एका पदार्थवैज्ञानिकाचा मोठा वाटा आहे, आणि त्यांच्या कार्याशी आपल्या देशाचेही दूरचे नाते आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली मांडलेल्या सांख्यिकीच्या आधारे आइन्स्टाइन यांनी द्रव्याच्या ज्या आगळ्या अवस्थेचे भाकीत केले होते, ती कार्ल वाइमन व एरिक कॉर्नेल यांनी १९९५ साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे प्रत्यक्ष निर्माण केली. तीबद्दल २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना वोल्फगांग केटर्ले यांच्यासमवेत मिळाले. त्यानंतर वाइमन यांनी विज्ञानाचे अध्यापन हाच आपला प्रमुख संशोधनविषय केला.

२०१३ साली मिशेल स्मिथ, फ्रान्सिस जोन्स, सारा गिल्बर्ट व वाइमन यांनी तास पाहण्याचा एक तक्ता प्रसिद्ध केला. तासाचे दोन दोन मिनिटांचे तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्यात विद्यार्थी काय करीत होते व शिक्षक काय करीत होता ह्यांच्यासमोर खुणा करावयाच्या. विद्यार्थ्यांसाठी १३ व शिक्षकासाठी १२ अशा २५ क्रिया ठरविलेल्या आहेत: ऐकणे, एकट्याने विचार करणे, गटात चर्चा करणे, प्रश्न विचारणे, व्याख्यान देणे, फळ्यावर लिहिणे, वर्गात फिरून मदत करणे, इत्यादी. चांगले, वाईट, उत्साही, निरस असा एकही शब्द त्यात नाही. म्हणूनच तक्ता वापरण्यास दीड तासाची तालीम पुरते आणि दोन निरीक्षकांच्या खुणा बव्हंशी जुळतात.

ह्या तक्त्याने उत्तर अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक तास पाहिले गेले. ५०० हून अधिक प्राध्यापक, २५ संस्था. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५५ टक्के तास जवळजवळ केवळ व्याख्यानाचे होते, २७ टक्के तासांत व्याख्यानाला प्रश्नोत्तरांची जोड होती, आणि १८ टक्के तासच विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या कामाभोवती बेतलेले होते.

ह्यामुळे काही बिघडते काय? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात भौतिकीच्या दोन मोठ्या तुकड्यांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीत सुमारे २७० विद्यार्थी होते. एका आठवड्यापुरते एकीला तिच्या नामांकित व अनुभवी प्राध्यापकांनी व्याख्यानाने शिकविले. दुसरीला फारसा अनुभव नसलेल्या, पण नव्या पद्धतीची तालीम घेतलेल्या तरुणांनी प्रश्न, चर्चा व तत्काळ प्रत्याभरण यांच्या साहाय्याने. मागे बसलेल्या निरीक्षकांनी लक्ष देणारे विद्यार्थी मोजले, ते दुसऱ्या तुकडीत जवळजवळ दुप्पट भरले. त्याच भागावरील चाचणीत पहिलीची सरासरी ४१ टक्के आणि दुसरीची ७४ टक्के आली.

तक्त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रश्न विचारला गेला एवढे तो सांगतो. तो प्रश्न विचार करावयास लावणारा होता की ‘कळले ना?’ होता, हे सांगत नाही. साम्यावस्थेविषयीची ती चूक त्याच्या २५ रकान्यांपैकी कोणत्याही रकान्यात सापडली नसती. माझे मत असे की, तक्ता आणि बाईंची वही ही परस्परांची प्रतिस्पर्धी नसून एकीने दुसऱ्याचे पोट भरावयाचे आहे.

तपासणी नव्हे

आपल्याकडे मागील बाकावर कोणी येऊन बसला की, पहिली आठवण येते ती शाळा तपासण्यास येणाऱ्या दिपोटीसाहेबांची. त्या दिवशी भिंतींना चुना लागे, रांगोळी निघे, आणि आधी चार वेळा घोटून घेतलेला धडा जणू प्रथमच शिकविल्यासारखा शिकविला जाई. साहेबांना दिसे ते सर्व खरे होते, फक्त ते एरवीचे नव्हते. सहकाऱ्याच्या निरीक्षणातील टिपणे पदोन्नतीच्या कागदांत गेली की, हेच पुन्हा होते. इंग्लंडातील अनेक विद्यापीठांत गुणवत्तेच्या सरकारी मूल्यमापनाबरोबर ही रीत पसरली, तेथेही हा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. म्हणून वही कोणाच्या मालकीची हा प्रश्न आधीच निकालात काढलेला बरा. ज्याचा तास, त्याची वही.

दुसरा धोका अगदी विरुद्ध बाजूचा, आणि माझ्या समजुतीने आपल्याकडे अधिक संभवनीय. कनिष्ठ अध्यापकाने विभागप्रमुखांच्या तासाला बसून ‘सर, फारच छान’ ह्यापलीकडे काय म्हणावे? हा संकोच टाळण्यास बरोबरीचे दोघे निवडणे, शक्य तर निराळ्या विभागांतील निवडणे, आणि दोघांनी आळीपाळीने एकमेकांच्या तासाला बसणे, हे उपाय आहेत. अर्थात निराळ्या विभागातील माणसाला आशयातील प्रत्येक चूक कळणार नाही. त्याबदल्यात विद्यार्थ्याला जे कळत नाही ते त्यालाही कळत नाही, हा लाभ असतो.

पाहणे, सांगणे व पुन्हा करणे हे चक्र आपल्या शिक्षक-महाविद्यालयांना नवे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निघालेली सूक्ष्म अध्यापनाची पद्धती भारतात १९७० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने आपल्या परिस्थितीस अनुरूप करून घेतली. तिचे भारतीय चक्र ३६ मिनिटांचे आहे: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुन्हा पाठ व ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. सर्वांत मोठा वाटा विचार करण्यास दिलेला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बी. एड्.च्या कित्येक पिढ्यांनी हे चक्र पाठ केले आहे. महाविद्यालयांच्या व्याख्यानगृहांपर्यंत मात्र ते क्वचितच पोचले.

आणि पाहणाऱ्याला काय मिळते? निरीक्षणाच्या ह्या प्रथेविषयी लिहिणारे अनेक जण म्हणतात की, लाभ त्यालाच अधिक होतो. आमच्या उदाहरणातील बाई दुसऱ्या दिवशी प्रकाशसंश्लेषण शिकविताना मध्येच थांबतील आणि आपणही आताच ‘कळले ना?’ म्हणालो की काय, हे आठवून पाहतील. अमेरिकेतील मेन विद्यापीठात दोन मिनिटांचा तो तक्ता प्रथम अजमावून पाहिला गेला तेव्हा विद्यापीठाच्या वर्गांत मागे बसून खुणा करणारे निरीक्षक प्राध्यापक नव्हते. ते माध्यमिक शाळांतील शिक्षक होते. आपली मुले शाळा सोडून गेल्यावर ज्या बाकांवर बसणार, त्याच बाकांवर बसून, हातात घड्याळ घेऊन ते पाहत होते.